इंडियानाचा ‘मिस्टर बास्केटबॉल’ की गेटोरेडचा राज्य पुरस्कार?

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात शाळेत शिकणाऱ्या भाच्याने विचारलं, ‘मामा, शालेय बास्केटबॉलच्या या दोन पुरस्कारांतला मोठा कोणता?’ गेटोरेड हा खेळाडूंच्या पेयाचा ब्रँड; त्याची जाहिरात बाजूला ठेवू.

पात्रता: ‘मिस्टर बास्केटबॉल’ फक्त शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या (बारावीच्या) मुलाला, गेटोरेड कुठल्याही इयत्तेला. इंडियानाचा शालेय खेळाडू ग्रेग ओडन याला 2005 साली, बारावीच्या आधीच, गेटोरेडचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘मिस्टर बास्केटबॉल’साठी मात्र 2006 पर्यंत थांबावं लागलं.

निकष: गेटोरेड खेळाबरोबर मार्क आणि वागणूकही बघतं. (हे मला आवडतं.)

मान: ‘मिस्टर बास्केटबॉल’ 1939 पासूनचा. विजेता शेजारच्या केंटकी राज्याविरुद्धच्या ऑल-स्टार (निवडक खेळाडूंच्या) सामन्यात 1 नंबरची जर्सी घालतो. गावाला ती जर्सी वर्षानुवर्षं आठवते.

अभ्यासातही पुढे असलेल्या अकरावीच्या पोराने गेटोरेडकडे बघावं; गावात नाव कोरायचं असेल, तर 1 नंबरच.