लेडीज रनिंग शूज, चार महिने वापरून लिहितेय

साधारण ५०० किमी झालेत यावर, म्हणून आता लिहिते. याआधी तीन वर्षं मी जेन्ट्समधला सगळ्यात लहान नंबर घालून पळायचे, कारण दुकानात लेडीजमध्ये फक्त चालायचे शूज दाखवायचे आणि वर "मॅडम, फरक काय पडतो". फरक पडतो हो! टाच सुटायची, चवडा आवळायचा, यवतेश्वरचा घाट उतरताना अंगठ्याचं नख दोनदा काळं पडलं.

यात टाच घट्ट बसते आणि पुढे बोटांना मोकळी जागा आहे. पहिला लाँग रन १८ किमीचा केला, घरी येऊन मोजे काढले तर एकही फोड नाही, आणि मला एकदम बॉबी गिब आठवली, बोस्टन मॅरेथॉन पूर्ण पळालेली पहिली बाई.

बोस्टन मॅरेथॉन म्हटलं की सगळ्यांना १९६७ ला नंबर लावून पळालेली कॅथरीन स्वित्झर माहीत असते, पण गिब त्याच्या आदल्याच वर्षी पळाली. सराव कशात केला तर नर्सच्या पांढऱ्या चामडी बुटांत, बायकांसाठी रनिंग शूज मिळतच नव्हते. एंट्री मागितली तर बायकांच्या शरीराला एवढं अंतर झेपत नाही असं पत्र आलं. तरी ही सॅन डिएगोहून बसने चार दिवस प्रवास करून आली, भावाची बर्म्युडा आणि मुलग्यांचे नवेकोरे शूज घालून हॉपकिंटनला, जिथून ही मॅरेथॉन सुरू होते, झुडपात लपली आणि मध्येच घुसून पळाली, शेवटी पाय फोडांनी भरले तरी ३ तास २१ मिनिटं ४० सेकंद, दोन तृतीयांश पुरुष तिच्या मागे!! बायकांना तिथे रीतसर एंट्री १९७२ ला मिळाली आणि ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन थेट १९८४ ला. गिब शिल्पकार पण आहे, हॉपकिंटनला २०२१ मध्ये धावणाऱ्या मुलीचा पुतळा बसवला तो तिनेच केलाय. मला एकदा तिथे जाऊन तो बघायचाय.

तर शूज. कुशन मस्त, वजनाला हलके. ओल्या डांबरावर ग्रिप कमी पडते, पावसात उतारावर जपून. लेस सारखी सुटते, डबल गाठ मारावी लागते. रंग फक्त गुलाबी आणि जांभळा, हे मात्र मला पटलेलं नाही, साधा काळा द्यायला काय हरकत आहे?

अर्धा नंबर मोठा घ्या आणि संध्याकाळी ट्राय करा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो.