इंट्राकॅथ केव्हा बदलावे: ठरलेल्या मुदतीला की गरजेनुसार?

सलाईन किंवा औषध देण्यासाठी हाताच्या शिरेत लावलेले इंट्राकॅथ (प्लास्टिकची बारीक नळी) दर 72 ते 96 तासांनी बदलण्याचा रिवाज अनेक रुग्णालयांत आजही आहे. दुसरा पर्याय असा की दुखणे, लाली, सूज, गळती किंवा अडथळा दिसेपर्यंत ते ठेवावे. पहिल्यात तारीख पाहिली की काम भागते, आणि रुग्णाला मात्र चांगली चालणारी शीर सोडून नवी टोचणी सोसावी लागते. ऑस्ट्रेलियातील 3,283 रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून केलेल्या आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शिरेचा दाह दोन्ही गटांत 7 टक्केच आढळला, आणि त्यावरून गरजेनुसार बदलण्याच्या बाजूने पारडे झुकले.

तरीही प्रश्न मिटला नाही. रक्तातील जंतुसंसर्ग इतका विरळ असतो की काही हजार रुग्णांच्या चाचणीत त्यातला फरक कळणे कठीण. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयांत चार लाखांहून अधिक इंट्राकॅथच्या नोंदी तपासल्या, तेव्हा गरजेनुसार बदलण्याच्या काळात हा संसर्ग वाढलेला दिसला, आणि जुना नियम परत आणल्यावर तो घटला. हा अभ्यास केवळ निरीक्षणात्मक असल्याने कार्यकारणभाव त्यातून पक्का होत नाही, पण संख्या मोठी असल्याने तो बाजूलाही सारता येत नाही.

माझ्या मते गरजेनुसार बदलण्याची मुभा त्याच वॉर्डाने घ्यावी, जिथे प्रत्येक पाळीला पट्टीखालची जागा पाहून, दाबून नोंद होते. रात्रपाळीत एका परिचारिकेवर तीस-चाळीस रुग्ण असतील, तर ठरलेली मुदतच बरी.