एजंट कुठला गाठू: लंडन, न्यूयॉर्क की दिल्ली?

मराठीत लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये सहसा कुणी नसतं. बाड पिशवीत घालायचं, अप्पा बळवंत चौकातला एखादा जिना चढायचा आणि 'ठेवून जा, वाचून कळवतो' हे ऐकून उतरायचं. इंग्रजीतल्या मोठ्या प्रकाशनसंस्था मात्र एजंटमार्फत, म्हणजे लेखकाच्या वतीनं पुस्तक विकणाऱ्या मध्यस्थामार्फत, न आलेलं बाड बहुधा उघडतही नाहीत. गेल्या महिन्यात कोथरूडच्या एका मित्रानं आणि एका मैत्रिणीनं मला हाच प्रश्न विचारला. त्याची कादंबरी मुळातच इंग्रजीत आहे, तिची मराठीत. त्यामुळे उत्तरंही वेगळी.

आधी त्याचं. लंडनच्या एजंटला साधारणपणे एक पत्र, पानभर सारांश आणि पहिली तीन प्रकरणं लागतात. न्यूयॉर्कवाले बहुतेकदा पत्र आणि पहिली पाच-दहा पानंच मागतात, तीही ईमेलमध्येच चिकटवलेली. सोबत फाइल जोडली तर मेल न वाचताच उडते. अमेरिकी पत्राचा साचा पक्का असतो. आपलं पुस्तक अलीकडच्या कोणत्या दोन पुस्तकांशेजारी शोभेल, हेही त्यात सांगायचं. पुण्यातल्या वाड्याच्या वाटणीवरची कादंबरी असेल, तर ही दोन नावं शोधता शोधता घाम फुटतो. ब्रिटिश पत्रात जरा मोकळीक असते.

सारांशात मी स्वतः आपटलो होतो. आपल्या मलपृष्ठांची सवय, म्हणून शेवटी लिहिलं, 'पुढे काय होतं ते कादंबरीतच वाचा.' एजंटला नेमकं तेच हवं असतं: कोण मेलं, घर कुणाला मिळालं, सगळं. तो वाचक नव्हे, माल विकणारा आहे.

पैशांत फरक फारसा नाही. दोन्हीकडे दलाली बहुतांशी 15 टक्के, परदेशी हक्क विकले तर 20. पाच हजार पौंड अॅडव्हान्स ठरला तर साडेसातशे एजंटचे, आणि उरलेलेही एकरकमी नाहीत. सही, अंतिम बाड, प्रकाशन अशा हप्त्यांनी येतात. पुस्तक विकलं गेलं तरच एजंटची कमाई, त्यामुळे 'वाचनशुल्क' मागणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. मी एकदा भरलंय. बदल्यात दोन पानं कौतुक आलं, त्यात माझ्या नायिकेचं नावच चुकलं होतं. अमेरिकेतून पैसे येणार असतील तर डब्ल्यू-8बेन हा फॉर्म भरावा लागतो. तो नसेल तर 30 टक्के कर कापतात. भरला की भारताशी असलेल्या करारामुळे लेखकाच्या रॉयल्टीवर 15.

त्याला मी लंडन सांगितलं, पण एक अट घालून. ब्रिटिश प्रकाशक अनेकदा ब्रिटनबरोबर राष्ट्रकुलाचेही हक्क मागतात आणि त्यात भारत अलगद जातो. पुण्याच्या गोष्टीचा मोठा वाचक इथलाच. भारतीय उपखंडाचे हक्क वेगळे विकणार का, हे एजंटला सहीआधी विचारायचं.

मैत्रिणीला मात्र लंडनही नको, न्यूयॉर्कही नको. तिथे मराठी वाचणारा एजंट कुठून मिळणार? तिनं आधी अनुवादक गाठावा, वीस-तीस पानांचा नमुना करून घ्यावा आणि दिल्लीच्या 'रायटर्स साइड' किंवा जयपूरच्या 'सियाही'सारख्या एजन्सीला पाठवावा. आंतरराष्ट्रीय बुकर मिळवणारी दोन्ही भारतीय पुस्तकं, गीतांजली श्री यांचं (2022) आणि बानू मुश्ताक यांचं (2025), ब्रिटनमध्ये 'टिल्टेड अॅक्सिस' आणि 'अँड अदर स्टोरीज' या छोट्या प्रकाशकांनी काढली होती. अशांकडे कित्येकदा अनुवादकच थेट नमुना घेऊन जातो. नमुन्याच्या खर्चासाठी 'इंग्लिश पेन' या ब्रिटनमधल्या लेखकसंस्थेची 'पेन प्रेझेंट्स' योजना आहे. 2022 मधली तिची पहिली फेरी भारतीय भाषांसाठीच होती. अर्ज अनुवादकानं करायचा असतो.

तिचं पुस्तक मराठीत आधीच आलेलं आहे, म्हणून मी हक्कांचं पान उघडायला लावलं. आपल्याकडे त्या पानावर 'सर्व हक्क' कुणाच्याही नावावर असू शकतात, पुष्कळदा लेखकाच्या बायकोच्या. हिचे हिच्याच नावावर निघाले. करारनामा मात्र एकपानी, 2019 चा: 'अनुवादासह सर्व हक्क प्रकाशकाकडे.' मुदत नाही, देशाचा उल्लेख नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. कराराची आणि त्या कलमाची झेरॉक्स घेऊन ती शनिवारी पुन्हा तोच जिना चढणार आहे, हक्क परत मिळाल्याचं दोन ओळींचं पत्र मागायला.