कच्च्या चिठ्ठीवरचं सोनं

पुतणीच्या लग्नात दादानं सोन्याचं काम माझ्याकडे दिलं होतं. बिछायत, आचारी, बस्ता बाकीच्यांनी वाटून घेतलं. त्या सोन्यात आमच्या घराची फसवणूक झाली. अक्षय्य तृतीया आली की आपल्या अमरावती-अकोला पट्ट्यात घरोघरी हीच खरेदी निघते, म्हणून हे लिहितो आहे.

तुरीचे पैसे हातात आले की तालुक्याच्या सराफ्यात जायचं, ही आमच्याकडची रीत. दुकान घरोब्याचं, वहिनीचं मंगळसूत्रही तिथलंच. तीन तोळ्यांचा हार आणि पोत, बावीस कॅरेट सांगून दिलं. हॉलमार्कचं, म्हणजे सोन्याच्या शुद्धतेच्या सरकारमान्य छापाचं विचारलं तर मालक म्हणाले, "आपलं लहान दुकान हाय भाऊ, आपल्याले ते लागत नाही." पक्कं बिल मागितलं तर, "काहाले? तीन टक्के जीएसटी फुकट जाईन. तेवढ्यात पोरीच्या लग्नाची बिछायत भागते." हाती पडली ती कच्ची चिठ्ठी: वजन, भाव, घडणावळ, खाली बेरीज. दुकानाचं नाव नाही, सही नाही.

लग्न चांगलं पार पडलं. जूनमध्ये पेरणी तोंडावर आली, बियाणं-खताला पैसे हवे होते, म्हणून जावई तो हार आणि पोत घेऊन बँकेत गेले. बँकेच्या सराफानं हार कसोटीवर घासला, रेघेवर आम्लाचा थेंब सोडला. बावीसची रेघ टिकायला हवी होती, ती डोळ्यांदेखत फिकी पडत गेली. "अठराच्या आसपास हाय," एवढंच ते बोलले. पोतीचं तर निव्वळ वजनच कमी भरलं, कारण दुकानात काळे मणी आणि लाखेसकट तोलून सगळ्याला सोन्याचा भाव लावला होता.

बावीस कॅरेटमध्ये सोनं 91.6 टक्के, अठरामध्ये 75 टक्के. म्हणजे तीन तोळ्यांच्या हारात जवळपास पाच ग्रॅम शुद्ध सोनं गायब. पण पैशांपेक्षा जास्त लागलं ते दुसरंच. सासरी कुजबुज सुरू झाली की माहेरच्यांनी हलकं सोनं देऊन पोरगी पाठवली. ज्या बापानं उभ्या वर्षाची तूर विकून तो हार केला, त्याला व्याह्यांपुढे मान खाली घालून बसावं लागलं. त्या दुकानदाराला मी यासाठी माफ करू शकत नाही.

दागिना नागपूरच्या हॉलमार्किंग केंद्रात तपासून घेतला, फी साधारण 200 रुपये. कस लेखी मिळाला, बावीसच्या नावानं आम्हीच फसलो हे दिसलं, तेव्हा कुठे सासरची कुजबुज थांबली.

वर्षाला 40 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या सराफाला हॉलमार्कच्या सक्तीतून सूट आहे, हे खरं. पण अठराचं सोनं बावीस म्हणून विकायची सूट कोणालाच नाही. आणि घेणाऱ्यानं हॉलमार्क नसलेला दागिना घ्यावा, अशी सक्तीही नाही. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक असतो. दुकानात बसल्या बसल्याच तो भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) 'बीआयएस केअर' अॅपमध्ये टाकावा, दागिन्याचा प्रकार आणि कस समोर येतो. दागिना हार असेल आणि अॅप अंगठी दाखवत असेल तर तिथूनच उठावं. दोन ग्रॅमच्या आतल्या नगाला सूट असते, म्हणून लहान कानातल्यांवर छाप नसला तर लगेच संशय नको.

बिलात प्रत्येक नगाचं सोन्याचं निव्वळ वजन आणि कॅरेट वेगळं लिहून घ्या. पोत असेल तर मण्यांचं वजन वजा करूनच भाव लावायला सांगा. हॉलमार्कच्या दागिन्यात कस कमी निघाला तर बीआयएसच्या 2018 च्या नियमांप्रमाणे फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मिळतो. आमच्या हारावर छापच नव्हता, त्यामुळे तो रस्ता आम्हाला बंद झाला.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. आता जिल्हा ग्राहक आयोगात जातो आहोत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची. दादानं निम्मे पैसे फोनवरून दुकानदाराच्या खात्यात टाकले होते, ती नोंद आणि मालकाच्या अक्षरातली चिठ्ठी हाच आमचा पुरावा. तुमच्याकडे अशी चिठ्ठी असेल तर फाडू नका. आधी तिचा फोटो काढून ठेवा.