देवबागची खाणावळ : तिखले चोख, फलकावर माझी हरकत

मालवणहून तारकर्लीमार्गे देवबागला जाताना लागणारी ही खाणावळ गावातल्या चार स्त्रिया भागीदारीत चालवतात. बांगड्याचे तिखले म्हणजे तिखट कालवण, उकड्या तांदळाचा भात, भाकरी आणि सोलकढी एवढेच येथे मिळते. तिखल्यात तिरफळ नेमके पडते. भाकरी मात्र गर्दीच्या वेळी कच्ची येते. मिळकत चौघींत समान वाटली जाते, हे मला चवीइतकेच महत्त्वाचे वाटते. मुंबईच्या गिरणगावात संपाच्या काळातही कामगारांना उधारीवर जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या सावकाराच्या कर्जात बुडत, आणि त्यांच्यासाठीच प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. ही वाटणी त्याच परंपरेतली आहे.

दुपारच्या पंगतीला निवृत्त गिरणी कामगार असतात. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या आणि सुमारे अडीच लाख कामगार उतरलेल्या मुंबईच्या गिरणी संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत मूळचे देवबागचे, त्यामुळे बोलणे तिकडे वळतेच. नाथ पै आणि मधू दंडवते यांना मानणारे समाजवादी आणि शिवसेनेशी बांधलेले कामगार येथे शेजारी जेवतात. संपात दोघेही होते, मतपेटीपाशी वेगळे झाले. समाजवाद्यांनी दुसऱ्यांना वर्गद्रोही म्हणावे, हे मला पटत नाही, कारण १९६८ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रजासमाजवादी पक्षानेच शिवसेनेशी युती केली होती, आणि तेव्हा समोर कम्युनिस्टांच्या लाल बावट्याखाली उभे असलेलेही कामगारच होते.

मालकिणींशी माझा मतभेद निराळा आहे. त्या रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याची, आणि लहान होड्यांचीच मासळी घेतात; पर्ससीनची, म्हणजे यांत्रिक नौकांनी मोठे घेरजाळे टाकून पकडलेली, घेत नाहीत. किनाऱ्यालगतचा मासा ज्या प्रमाणात उपसला जातो ते पाहता हा निर्णय योग्यच आहे. पण भिंतीवरच्या फलकाने पर्ससीन नौकांवरील खलाशांनाही मालकांच्या बरोबरीने लुटारू ठरवले आहे. नौका मालकाची असते; खलाशी तिच्यावर राबतो आणि पोटासाठी पुष्कळदा दूरच्या मुलखातून आलेला असतो. फलक बदलावा, असे मी सुचवले तेव्हा, जाळी आमची फाटतात, त्या वेळी नौकेवर मालक नसतो, असे उत्तर मिळाले. तेही खरे आहे. तरीही फलक बदलावा असेच माझे मत आहे.

ताटाचा दर मासळीच्या भावाप्रमाणे बदलतो आणि दाराशी लिहिलेला नसतो, म्हणून बसण्यापूर्वी विचारावा. पावसाळी मासेमारी बंदीत सुका बांगडा आणि काळ्या वाटाण्याचे सांबारे मिळते.