दारिएन्सो की पुग्लिएसे?

टँगो ऐकायला सुरुवात कुणापासून करू, असं मैत्रिणीनं विचारलंय. माझ्या मनात दोन नावं, दारिएन्सो आणि पुग्लिएसे; दोघेही ब्युनोस आयर्सचे टँगो वाद्यवृंदप्रमुख. ठेक्याचं म्हणाल तर हुआन दारिएन्सो एकदम सरळ. १९३५मध्ये रोदोल्फो बियाजी पियानोवर आला आणि वाद्यवृंदाचा ठेका आणखी धारदार झाला. नवख्यालाही त्यावर पाय टाकता येतात. सलग ऐकलं की मात्र एकसुरी वाटतं.

ओस्वाल्दो पुग्लिएसे लय ताणतो, थबकतो, मग बांदोनिऑन (अ‍ॅकॉर्डियनसारखं भात्याचं वाद्य) एकदम उसळतात. नाचायला अवघड, पण दर वेळी नवं काही सापडतं. माणूस म्हणूनही तो मला जवळचा: कम्युनिस्ट, मिळकत वादकांत वाटून घेणारा. तो तुरुंगात असला की साथीदार त्याच्याविना वाजवायचे, पियानोवर लाल कार्नेशनचं फूल ठेवून.

नाच शिकायचाय? दारिएन्सो. निवांत बसून ऐकायचंय? पुग्लिएसेच.