कमांडरकाकांची डायलिसिसची गाडी : अनुभव आणि दोन तक्रारी

सासूबाईंचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा. मशीनचा खर्च महात्मा फुले योजनेत बसतो, पण घरापासून मशीनपर्यंत पोचायचं ते ज्याचं त्याने बघायचं. १०८ ची गाडी तातडीच्या पेशंटसाठी, ती रोजच्या ने-आणीला मिळत नाही. एसटीने जाताना ठीक असतं हो. चार तास मशीनवर काढून, बीपी उतरलेलं असताना स्टँडवर उभं राहणं पेशंटला जमत नाही. आणि दर खेपेला रिक्षा करायची तर आमच्यासारख्यांचा पगार रिक्षातच जाईल.

परशुराम घाटाच्या वरच्या गावांतून चिपळूणला जाणाऱ्या डायलिसिसच्या पेशंटांसाठी एक निवृत्त नौदल वैमानिक फुकट गाडी चालवतात. नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही. सगळे कमांडरकाका म्हणतात, सासूबाई तेवढ्या ‘भाऊ’ म्हणतात.

गाडी साधीच, सरकत्या दाराची व्हॅन. निघायच्या आधी काका तिच्याभोवती पायी एक फेरी मारतात, रोज एकाच दिशेने. प्रत्येक टायर हाताने दाबून बघतात, गाडीखाली वाकून तेल सांडलंय का बघतात. मग डॅशबोर्डला चिकटवलेला प्लास्टिकच्या वेष्टणातला कागद मोठ्याने वाचतात. “पाट?” मागून कुणीतरी म्हणायचं, “आहे.” “ओकारीच्या पिशव्या?” “आहेत.” “चिकटपट्टी, कापूस?” “आहे.” नुसती मान हलवलेली चालत नाही. पाट म्हणजे लाकडी पायरी, म्हाताऱ्या माणसांना चढायला. सुरुवातीला मला हा सगळा प्रकार जरा नाटकी वाटायचा. एकदा परतीच्या वाटेत एका आजोबांच्या सुई काढलेल्या जागेतून रक्त यायला लागलं. काकांनी गाडी कडेला घेतली आणि मागे न बघता हात घालून कापूस काढला, बोटाने जागा दाबून धरली. कापूस कुठे आहे हे कुणाला विचारावं लागलं नाही.

बसायची जागाही तेच ठरवतात. पहिल्याच दिवशी विचारलं, “वहिनी, फिस्टुला कुठल्या हाताला?” फिस्टुला म्हणजे डायलिसिसची सुई टोचायला हातावर ऑपरेशन करून जोडलेली शीर. डावा म्हटल्यावर सासूबाईंना उजव्या खिडकीशी बसवलं, म्हणजे वळणावर तो हात दारावर आपटणार नाही. इतके महिने आम्ही त्यांना कुठेही कोंबत होतो!

नौदलात ते चेतक हेलिकॉप्टर चालवायचे, काही वर्षं ‘विराट’वर. विमानवाहू जहाजावरून लढाऊ विमानं उडायची असली की आधी चेतक हवेत जातं आणि विमानं उतरेपर्यंत जहाजाच्या बाजूला घिरट्या घालत राहतं. एखादं विमान पाण्यात गेलंच तर वैमानिकाला उचलायला. आत पाणबुड्या तयार बसलेला. सी हॅरियर लढाऊ विमानवाल्यांचे फोटो छापून यायचे, आमचे कोण काढणार, असं ते हसत सांगतात. “चांगला दिवस म्हणजे दिवसभर काही न करता परत येणं.” नौदल सोडल्यावर जुहूहून बॉम्बे हायच्या तेलविहिरींवर माणसं पोचवली. पासष्टीनंतर व्यावसायिक विमान चालवता येत नाही, तेव्हा गावचं घर दुरुस्त करून इथे आले. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, वाशिष्ठीचं पाणी घराघरात शिरलं, तेव्हा पेशंट डायलिसिसविना अडकले होते. गाडी त्यानंतरची. याहून जास्त ते काही सांगत नाहीत आणि कुणी खोदून विचारलं तर टायरच्या हवेवर बोलायला लागतात.

आता तक्रारी.

पहिली वेळेची. सहा पन्नास म्हणजे सहा पन्नास. सहा एकावन्नला फोन येतो आणि त्या फोनवर ‘आलेच हं’ असं म्हणायची सोय नाही. पेशंटला सोडून जात नाहीत, पण उशीर करणाऱ्या नातेवाइकाला सगळ्या गाडीसमोर ऐकावं लागतं. मी ऐकलंय. सूनबाई, तुमच्या चार मिनिटांपायी पाच जणांचं मशीन उशिरा लागतं, असं. खरं आहे, पण जरा गोड बोलता येतं की.

दुसरी पावसाची. मुसळधार पाऊस आणि दरडीची भीती असली तर ते घाट उतरत नाहीत. कितीही गयावया करा. गेल्या पावसाळ्यात असं झालं तेव्हा मी भयंकर चिडले होते, कारण डायलिसिस चुकलं की पोटॅशियम चढतं, फुप्फुसात पाणी भरतं. पण ऐनवेळी नकार देत नाहीत, हेही लिहायला हवं. हवामानाचा अंदाज बघून आदल्या दिवशीच सेंटरला फोन करतात आणि जमेल त्याची पाळी अलीकडे ओढून घेतात. आमची ओढली होती, एका दुसऱ्या पेशंटची सेंटरने नाकारली. त्यांच्या घरी काय रात्र गेली असेल!

पैसे घेत नाहीत. फारच आग्रह केलात तर टायरवाल्याचं नाव सांगतात, तिथे परस्पर भरा म्हणतात. कौतुकाने शहाळी घेऊन जाऊ नका. डायलिसिसच्या पेशंटला शहाळ्याचं पाणी म्हणजे पोटॅशियमचा डोस, त्यामुळे गाडीत शहाळं दिसलं की ते आधी खाली उतरवतात. कोकणात हा नियम पाळून घेणं सोपं नाही. सासूबाई अजून घाटातल्या शहाळ्यांच्या गाड्यांकडे मान वळवून बघतात.

जागा हवी असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत फोन करा. मेसेज ते उघडतही नाहीत. फिस्टुलाचा हात, पेशंट पायरी चढू शकतो का आणि सेंटरची वेळ, एवढं तयार ठेवा.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो बोलण्याच्या पद्धतीसाठी.

आता त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, तेवढे दिवस दुसरा चालक हवाय. घाटात गाडी चालवायची सवय असलेल्या कुणाला सकाळची मोकळीक असेल तर विचारा, पण चाचणी कडक आहे. माझ्या नवऱ्याने उत्साहाने जाऊन चावी फिरवली आणि तिथल्या तिथे नापास झाला. गाडीभोवती फेरी मारली नव्हती. पुढच्या रविवारी पुन्हा बोलावलंय.